दाराआडचा डबा

ही गोष्ट सांगायची मी आयुष्यभर टाळली. भुलाबाई या आमच्याकडच्या मुलींच्या सणावर मी बरंच लिहिलं. दिवाळी अंकांतून लिहिलं, एकदा रेडिओवर बोललो, आणि दर वेळी ज्वारीच्या धांड्यांच्या मखरापासून सुरुवात करून कोजागिरीच्या चांदण्यावर थांबलो. लोकांना ते आवडायचं. मधलं दार मी कधी उघडलं नाही. आज उघडतो आहे, कारण त्या दारापलीकडचं आता कोणी उरलेलं नाही. हाही एक प्रकारचा भेकडपणाच, हे मला कळतं.

गेल्या दिवाळीत आमच्या गावी, रोहण्याला गेलो होतो. पुतण्यानं जुनं कौलारू घर पाडून तिथं स्लॅबचं बांधलं आहे. त्याची मुलगी मराठी घेऊन एम. ए. करते. ती ओसरीवर बसून कापसाच्या वाती वळत होती आणि एका कडीच्या पितळी डब्यात टाकत होती. मला म्हणाली, "आबाजी, परंपरा हा विषय घेऊन दोन कथांची तुलना करायची आहे. कोणत्या घेऊ?"

माझं लक्ष डब्याकडे होतं. झाकणावर पोचा होता, अंगठा बसेल एवढा. मी तो उचलला, कानाशी नेला आणि हलवला. काहीच वाजलं नाही.

ती हसली. "वाती हायेत त्यात, आबाजी. त्याचा काय आवाज येईन?"

तिच्या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी दिलं नाही. डोकं दुखतं म्हणून आत जाऊन पडलो.

मला ठाऊक असलेल्या दोन कथा कोणत्याच पुस्तकात नाहीत. एक माझी होती. दुसरी विमलची.

भादव्याची पुनव आली की आमच्या गावच्या संध्याकाळी बदलायच्या. गणपती गेलेले असायचे, पाऊस थकलेला असायचा, कपाशीला बोंडं धरायला लागलेली असायची. कोजागिरीपर्यंत रोज दिवेलागणीला मुलींचा घोळका टिपऱ्या घेऊन निघायचा. पाटावर मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, मांडीवर गणपती. घरोघरच्या ओसऱ्या शेणानं सारवलेल्या, त्यांचा ओला वास, त्यात कंदिलाच्या रॉकेलचा वास, आणि मुलींच्या केसांतल्या तेलाचा. आम्ही मुलगे बाहेर कट्ट्यावर बसून त्यांची टिंगल करायचो, आणि गाणी मात्र आम्हाला सगळी पाठ असायची.

गाणी संपली की खाऊ. पण खाऊ असा हातावर मिळायचा नाही. घरची बाई तो डब्यात बंद करून आणायची आणि मुलींच्या कानाशी हलवायची. आवाजावरून ओळखायचं. तिखट का गोड, एवढंच विचारायची मुभा. ओळखेपर्यंत खायचं नाही, आणि खाल्ल्याशिवाय पुढच्या घरी जायचं नाही. फुटाणे टणटणायचे, मुरमुरे कुजबुजायचे, करंज्या एकमेकींना ढकलत धपधपायच्या. काकडीच्या फोडी ठेवून एका बाईनं सगळ्यांना फसवलं होतं, ती वर्षभर मिरवत होती.

आमच्या घरी तो पोचा पडलेला डबा हलवायची ती आत्या. माझ्या वडिलांची आणि मोठेबाबांची, म्हणजे थोरल्या काकांची, धाकटी बहीण. लग्न होऊन गेली ती वर्षाच्या आत कपाळ पुसून परत आली, आणि मग आमच्याच घरी राहिली. भुलाबाईच्या पाटापुढं तिनं यायचं नाही, असं होतं. कोणी ठरवलं होतं ते मी कधी विचारलं नाही. घरात जसं देवघर उगवतीला होतं, तसंच आत्या आत होती. पण खाऊ सुरेख करायची तीच. म्हणून मोठ्या आईनं, मोठेबाबांच्या बायकोनं, तोड काढली होती. आत्यानं माजघराच्या दाराआड बसायचं, दार थोडं उघडं ठेवायचं, आणि तिथून हात बाहेर काढून डबा हलवायचा.

त्यामुळं मुलींना आमच्याकडे एक हात दिसायचा आणि एक डबा.

बाकीच्या घरी डबा हलला की आधी वाजायच्या त्या बांगड्या. हिरव्या काचेच्या, कोपरापर्यंत भरलेल्या. त्या किणकिणाटात फुटाणे कोणते आणि बांगडी कोणती हेच कळायचं नाही, मुली चुकायच्या, हसायच्या, पुन्हा हलवा म्हणायच्या. आत्याच्या हाताला काही नव्हतं. तिच्या डब्यातून नुसता खाऊच ऐकू यायचा, अगदी स्वच्छ. मुली दोन हिसड्यांत ओळखायच्या, ओंजळी भरून घ्यायच्या आणि पळायच्या. सगळ्या गावात लवकर उरकणारं घर आमचं.

मग एका वर्षी मुली आमच्याकडे अडकायला लागल्या. डबा हलायचा आणि आतून काही यायचंच नाही. म्हणजे यायचं, पण उशीवर पडल्यासारखं. मुली कान दाराशी न्यायच्या. आत्या आतून म्हणायची, "वळखा वं पोट्ट्याहो. नाई येत तं अजून एक गानं म्हना, मंग सांगतो." मुली गायच्या. आत्या आतून हलक्या आवाजात मागं म्हणायची. कधी कधी चार गाणी व्हायची. जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा ती डब्यात आधी अंथरायची, खाऊ त्यात गुंडाळायची, आणि ओळखून झालं की डबा बाहेर सरकवण्याआधी तुकडा गुपचूप काढून कमरेला खोचायची. मी ते एकदा पाहिलं. तिनंही मला पाहिलं. ओठांवर बोट ठेवून हसली. पुढचे दोन दिवस मला खाऊ जास्त मिळाला.

विमललाही ते ठाऊक होतं. ती पोस्टमास्तरांची मुलगी, समोरच्याच घरात राहायची, शाळेत माझ्या मागच्या वर्गात होती. वरच्या वर्गांत एकटीच मुलगी, त्यामुळं तिला घाबरायचं कसं ते माहीतच नव्हतं. भुलाबाईनंतर बाकीच्या निघून जायच्या आणि ही आमच्या मागच्या दारी आत्याशी बोलत बसायची. काय बोलायच्या कोण जाणे. मी जवळ गेलो की दोघी गप्प व्हायच्या आणि मग हसायच्या.

त्या हिवाळ्यात, कापसाचा पहिला वेचा झाला होता. शेतात दहीभात शिंपडून बाया वेचणीला लागल्या होत्या, घराघरात पांढऱ्या ढिगांवर पोरं लोळत होती आणि हवेत सरकीचा उबट वास होता. गुरुजींनी वरच्या वर्गांना सांगितलं की गावातल्या एखाद्या रिवाजावर गोष्ट लिहा. चांगल्या दोन शाळेच्या संमेलनात वाचू. निवडल्या गेल्या त्या माझी आणि विमलची. दोघांनीही भुलाबाईच घेतली होती, एकमेकांना न सांगता. गुरुजी खूश झाले. म्हणाले, हे तर फारच छान. वाचून झाल्यावर तुम्ही दोघं एकमेकांच्या गोष्टीवर बोला. एकच रिवाज दोन गोष्टींत कसा आला, ते गावाला कळू द्या.

माझी गोष्ट मला आजही बऱ्यापैकी आठवते. तिच्यात चांदणं होतं, टिपऱ्या होत्या, सासरी गेलेली एक मुलगी माहेरच्या भुलाबाईसाठी झुरत होती आणि शेवटी तिला खाऊचा डबा सासरी येऊन मिळत होता. बायकांनी डोळ्यांना पदर लावला. पुढच्या सतरंजीवर मोठेबाबा बसले होते, ते मान डोलवत होते.

मग विमलनं वाचली. तिच्या गोष्टीत एक हात होता, एक दार होतं आणि लुगड्याचा तुकडा होता. मुली लवकर जाऊ नयेत म्हणून खाऊ मुका करणारी एक बाई होती. नाव नव्हतं, गाव नव्हतं, नातं नव्हतं. शेवटी मुलींना गुपित कळतं, आणि पुढच्या दिवशी त्या ओळखूनही ओळखत नाहीत. मुद्दाम चुकतात. चुकत राहतात, गात राहतात. एवढंच.

मला तेव्हाच कळलं होतं. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. तिची गोष्ट माझ्याहून फार मोठी आहे, हे मला तिथल्या तिथं, तिचा शेवटचा शब्द हवेत असतानाच कळलं होतं.

गुरुजींनी आधी तिला बोलायला सांगितलं. ती म्हणाली की माझी भाषा गोड आहे, गाणी ऐकू येतात, ज्वारीचा वास येतो. मग खरंच विचारात पडल्यासारखी माझ्याकडे बघून म्हणाली, "पन याच्या गोष्टीत डबा आपोआप हालते. कोन हालवून राह्यलं, थे कुठीच नाई."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पण मागची पोरं हसली आणि माझे कान तापले. मी उठलो. सभेत पुस्तकी बोलायचं असतं असं मला वाटायचं, तसंच बोललो. "विमलच्या गोष्टीत परंपरा नाही, कल्पनाही नाही. ही कथाच नाही, ही चहाडी आहे. ते घर आमचं आहे. ती दाराआडची बाई माझी आत्या आहे, आणि ते कापड तिच्याच लुगड्याचं आहे. मी डोळ्यांनी पाहिलंय."

मग मागून कोणीतरी म्हणालं, "म्हंजे यायच्या घरचा खाऊ मुका हाये म्हना." हशा पिकला. विमल माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. डबा उघडल्यावर आत भलतंच काही निघावं, तसं बघत होती. मोठेबाबांनी टोपी काढली, झटकली, डोक्यावर ठेवली आणि चालू कार्यक्रमातून उठून गेले.

घरी आरडाओरड झाली नाही. मोठेबाबांनी माजघराच्या दाराकडे तोंड करून एवढंच विचारलं की पोस्टमास्तरच्या पोरीला हे कोणी सांगितलं. आतून आत्या म्हणाली, "मीच."

"गावाच्या पोरी बसवून ठेवाचा एवढा सोस होता तुले?"

मोठ्या आईनं डबा उचलून फडताळात वर ठेवला. मला कोणी रागावलं नाही. उलट मोठेबाबा चावडीवर सांगत राहिले की आमच्या पोट्ट्यानं भर सभेत घराची बाजू घेतली. गुरुजींनी दोन्ही गोष्टी स्वच्छ अक्षरात उतरवून भित्तिपत्रकाला लावायला माझ्याकडे दिल्या होत्या. नंतर म्हणाले, तुझीच लाव, तिची परत करून टाक. माझी मी लावली. तिची परत केली नाही. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

पौषातली एक दुपार होती. आत्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगांचा हिरवा वास, बोटं ओली, ऊन पाठीवर. मी जवळून जात होतो. ती म्हणाली, "दोघाइच्या गोष्टी वाचल्या म्हने शाळेत. मले तं वाचता येत नाई. तू वाचून दाखव ना राजा."

मी माझी वाचली. ती सोलता सोलता ऐकत होती, हसायच्या जागी हसली, झुरणाऱ्या मुलीपाशी हात थांबवला. झाल्यावर म्हणाली, "चांगली लिवली. भुलाबाई अशीच असते." टोपल्यातल्या शेंगा खालीवर केल्या. मग सहज विचारावं तसं विचारलं, "अन् मी कुठी हाये रे याच्यात?"

"ही सगळ्या गावाची गोष्ट आहे आत्या."

"तिच्या गोष्टीत मी हाये म्हने."

"हो."

"मंग थे वाच."

विमलची पानं माझ्या दप्तरात होती. दप्तर ओसरीवर खुंटीला होतं, आत्याला बसल्या जागी दिसत होतं. मी म्हणालो, ती गुरुजींकडे आहेत, आणतो.

"आनजो," ती म्हणाली. "घाई नाई."

आज इतक्या वर्षांनी वाटतं की संमेलनातलं बोलणं तरी पोरवयाचं होतं, चिडून केलेलं होतं. अंगणातलं तसं नव्हतं. तिथं मी शांत होतो. तिला तिची गोष्ट ऐकू द्यायची नाही, हे मी उन्हात उभा राहून ठरवलं. ती ऐकून तिचा चेहरा जसा झाला असता, तसा माझी गोष्ट ऐकून झाला नव्हता, म्हणून.

उन्हाळ्यात पोस्टमास्तरांची बदली झाली. बैलगाडीत ट्रंका चढवत होते. गल्लीत निंबाचा मोहोर पडला होता, चाकांखाली येऊन त्याचा कडू-गोड वास सुटला होता. विमल आमच्या मागच्या दारी आत्याला भेटायला गेली, आणि गोठ्याच्या कुडाशी दोघी उभ्या राहिल्या. परत येताना मला भेटली. संमेलनानंतर ती माझ्याशी एकदाही बोलली नव्हती.

"माही पानं तुह्यापाशीच हायेत," ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता. "राहू दे. मले नोको. फकत आत्याले वाचून दाखवजो. एवढं करजो."

मी मान हलवली. गाडी निघाली. पुढं तिचं लग्न चांद्याकडे झालं असं ऐकलं. पुन्हा ती मला भेटली नाही, आणि तिनं लिहिलेलं काही माझ्या वाचनात आलं नाही. मी शोधत असायचो. अंक हातात आला की आधी अनुक्रमणिकेत बायकांची नावं बघायचो. सासरचं आडनाव मला माहीत नव्हतं.

पुन्हा भादवा आला. डबा फडताळातून निघाला, पण आता मोठी आई खाऊ करायची आणि ओसरीवर येऊन हलवायची. तिच्या बांगड्या अशा वाजायच्या की मुली भांबावून जायच्या, काहीही सांगायच्या, हसून लोळायच्या. आमच्या घरी सगळ्यांत जास्त वेळ लागायला लागला. सगळे म्हणाले, आता कशी मजा येते.

माजघराचं दार लावलेलं असायचं. मी आत चिमणीपाशी अभ्यासाला बसायचो. आत्या जात्याला टेकून अंधारात बसलेली असायची. बाहेर डबा वाजला की ती मान किंचित तिरकी करायची. त्या सगळ्या किणकिणाटातून काहीतरी वेचून काढायची, आणि हळूच, स्वतःशीच म्हणायची, "शेंगदाने." किंवा, "साखरफुटाने." बाहेर मुली अजून चुकत असायच्या. तिचं दर वेळी बरोबर यायचं. सांगायला कोणी नव्हतं. मी होतो, पण मी पुस्तकात बघत होतो.

मी नागपूरला शिकायला गेलो, मग नोकरी, मग बदल्या. विमलची पानं ट्रंकेच्या तळाशी माझ्याबरोबर फिरली. गावी यायचो तेव्हा ट्रंक बरोबर असायची. आत्या सुरुवातीला विचारायची, आणलं का? मी म्हणायचो, अरे हो, विसरलोच. पुढं ती विचारीनाशी झाली. मी आलो की चहा ठेवायची आणि माझ्या पिशवीकडे एकदा बघायची, तेवढंच. भाड्याच्या एका खोलीत भिंतीला ओल आली आणि ट्रंकेत वाळवी लागली. उघडली तेव्हा आत मातीच्या रेघा होत्या आणि कागदाचा भुगा. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. त्यानंतर कितीतरी दिवस जेवण गेलं नाही.

आत्या गेली तो उन्हाळा होता. निरोप मिळाल्यावर रोहण्याला आलो. माजघरातच तिची खाट टाकली होती, त्याच दारापाशी. ती फार लहान झाली होती. हात गोधडीबाहेर होता, मी तो हातात घेतला. खूप वेळानं तिनं डोळे उघडले, मला ओळखलं.

"आनलं का?" ती म्हणाली.

मी म्हणालो, "काय आत्या?"

मला ठाऊक होतं काय. तिलाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. पानं नव्हती, पण गोष्ट माझ्या डोक्यात होती. पुष्कळशी शब्दन् शब्द. मी इतक्या वेळा ती चोरून वाचली होती. खाटेच्या काठावर बसून नुसतं सुरू करायचं होतं. मोठी आई, वहिनी, पोरंसोरं सगळी भोवती होती. मी गोधडी सारखी केली.

"काई नाई," ती म्हणाली. "घाई नाई."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, पुतण्याची मुलगी मैत्रिणीकडे गेल्यावर मी डबा पुन्हा मागून घेतला. वाती काढून वर्तमानपत्रावर ठेवल्या. पुतण्याच्या बायकोनं मूठभर फुटाणे दिले, तिला वाटलं म्हाताऱ्याला खायचे आहेत. मी ते डब्यात टाकले आणि हलवले. माझ्याही हाताला काही नव्हतं. स्वच्छ आवाज आला. जिथं माजघराचं दार होतं तिथं आता टीव्ही आहे, त्याच्या बाजूला मी खुर्ची ओढून बसलो.

मुलीला मी काय सांगणार होतो? परंपरेवरच्या कथा म्हणजे अशा आणि तशा, असं पुष्कळ बोलता येतं मला. आयुष्यभर तेच बोललो. ती परत आल्यावर तिला हे सगळं सांगितलं. तिनं वहीत काही लिहिलं नाही. तिनं विचारलं, "आबाजी, विमलची गोष्ट तुम्हाले येते अजून?"

बरीचशी विसरलो आहे. पण सुरुवात येते.

आत्या, चुकलो मी. उशीर झाला, आणि पानंही नाहीत. पण ऐक, तुझी गोष्ट अशी सुरू होते: "आमच्या गावात एक हात असा आहे, की तो हलला तरी वाजत नाही, म्हणून आम्ही पोरी त्या दारापाशी सगळ्यांत सावकाश गातो."